लाईट गेली की तोल जातो

पावसाळ्यात कोकणात लाईट जाणं ही काही बातमी नाही. पण ‘लाईट गेली की मी पडतो’ ही तक्रार पंचवीस वर्षांच्या डॉक्टरकीत मी पहिल्यांदाच ऐकली.

मालवण तालुक्यात समुद्राकाठी माझा दवाखाना आहे. जुलैतल्या एका सकाळी आईच्या खांद्याला धरून तो आत आला. वय ३४. पुण्यातली नोकरी सोडून गावच्या घरात पाहुण्यांची सोय करणारा, आणि अख्ख्या वाडीतला एकमेव व्हीगन. मासे-मटण सोडाच, दूध, तूप, मधसुद्धा बंद. रात्री लाईट गेली आणि जांभ्याच्या पायरीवरून कोसळला. मनगट सुजलं होतं, मोडलं नव्हतं.

मी बँडेज बांधत होतो आणि आई बोलत होती. “डॉक्टरांनू, सा वर्सां झाली, ह्येनी माशाक तोंड लावूक नाय. बांगडे सोडून नारळाचा दूध पिता. मगे पडात नाय तर काय?”

मी हसलो. तो हसला नाही. “तोंड धुताना डोळे मिटले तरी बेसिन धरावं लागतं, डॉक्टर. पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं.”

बँडेज अर्धवट ठेवून मी त्याला उभं केलं. पाय जुळव, डोळे मीट. मिटले मात्र, आणि तो सरळ माझ्या अंगावर कलंडला. ड्रॉवरच्या तळातून १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क शोधून काढला. कंपाउंडरने तो आजवर पाहिलाच नव्हता. वाजवून पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

“काय कळतंय?”

“गार लागतंय.”

“थरथर?”

“नाही.”

घोट्यावरही नाही. गुडघ्यावर पुसट. पाय नेमके कुठे आहेत हे मेंदूला कळवणाऱ्या, मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या तारा निकामी होत होत्या. उजेडात डोळे ती उणीव भरून काढत, अंधारात भरून काढणारं कोणी नव्हतं.

मग मी त्याचा जुना केसपेपर काढला. अक्षर माझंच. आठ महिन्यांपूर्वी थकवा म्हणून आला होता, हिमोग्लोबिन ९.८. मी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या होत्या. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन १२.९ झालं, मी त्याची पाठ थोपटली. आता ते वाचताना कानशिलं तापली. रक्त तयार व्हायला फॉलिक ॲसिड लागतं आणि बी-१२ हे जीवनसत्त्वही लागतं. फॉलिक ॲसिड भरपूर दिलं की बी-१२ नसतानाही रक्ताचं गाडं बऱ्यापैकी चालतं, नसांचं मात्र चालत नाही. म्हणजे धोक्याची जी घंटा वाजत होती तिची जीभ मीच काढून ठेवली होती. कॉलेजात पाठ केलेली गोष्ट!

रक्त कणकवलीला पाठवलं. बी-१२ आलं ८८, लॅबची खालची मर्यादा २००च्या आसपास. एमआरआय गोव्यात बांबोळीला झाला. त्यात मानेजवळ मज्जारज्जूच्या मागच्या भागात पांढरा पट्टा दिसला.

“पण पहिली चार वर्षं मी एकदम फिट होतो,” तो म्हणाला. होताच. बी-१२चा साठा यकृतात तीन ते पाच वर्षं पुरतो. लहानपणीच्या बांगड्यांच्या शिलकीवर गडी चालला होता. वरून स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या गोळ्या घेत होता, ‘त्यात बी-१२ असतं’ म्हणून. त्यात जे असतं ते बरंचसं दिसायला तसंच, पण आपल्या शरीराला निरुपयोगी.

आईचा चेहरा उजळला. “म्हंजे आता सुरमई?” तिचीही निराशा करावी लागली. बी-१२ मासा बनवत नाही आणि गायही बनवत नाही, बनवतात फक्त सूक्ष्मजीव. तिसऱ्यांत, म्हणजे शिंपल्यांत, ते भरपूर सापडतं, तेही मूळचं सूक्ष्मजीवांचंच. शिवाय मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणारे, रोज मासे खाणारे पेशंटही माझ्याकडे कमी बी-१२ घेऊन येतात.

त्याच्या आहाराला मी नावं ठेवली नाहीत. वडील ५१व्या वर्षी हृदयविकाराने गेले, म्हणून त्याने हे सुरू केलं होतं, आणि त्याचं कोलेस्टेरॉल माझ्यापेक्षा चांगलं आहे. हाडांबद्दल मात्र बजावलं. इंग्लंडच्या एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासाचे २०२० साली आलेले निष्कर्ष सांगतात की मांसाहारींच्या तुलनेत व्हीगन लोकांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. नाचणी घरात होती, पण ती पाहुण्यांच्या भाकरीसाठी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे ऐकून त्याने डबा स्वतःच्या ताटाकडे ओढला.

इंजेक्शनचं लालभडक औषध सिरिंजमध्ये ओढलं तेव्हा त्याने हात मागे घेतला. “हे कुठल्या प्राण्यापासून?”

“जिवाणूंपासून. कारखान्यातल्या टाक्यांत वाढवतात.”

थोडा वेळ सिरिंजकडे बघत राहिला. मग बाही वर केली. हजार मायक्रोग्रॅम, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याने, आता महिन्याने. गोळी जन्मभर.

जानेवारीत तो एकटाच चालत आला, आईशिवाय. डोळे मिटून उभा राहिला, डुलला, पण पडला नाही. फोर्क घोट्यावर टेकवला. “आहे,” म्हणाला. अंगठ्यावर टेकवला. बराच वेळ तो डोळे मिटून थांबला, मीही. फोर्कची थरथर माझ्या बोटांत संपेपर्यंत.

“गार लागतंय,” तो म्हणाला.