शेतात आमचाही वाटा

फेब्रुवारीत इथे अमेरिकेत आमच्या भागात बाहेर बर्फाचे ढीग असतात, झाडांना पानं नसतात, आणि नेमका तेव्हाच शेतावरून ईमेल येतो की यंदाच्या सीझनचे शेअर, म्हणजे शेतातल्या भाजीचे वाटे, विकायला काढलेत, पैसे भरून टाका. भाजी जूनमध्ये मिळणार, पैसे फेब्रुवारीत आणि तेही बहुतेक ठिकाणी सगळे एकदम. "अजून पेरलीसुद्धा नाही त्या भाजीचे पैसे?" हा नवऱ्याचा पहिला प्रश्न होता आणि गंमत म्हणजे सीएसए नावाचा सगळा प्रकार त्या एका प्रश्नात येतो.

सीएसए म्हणजे कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर. सीझनच्या आधी शेतकऱ्याला पैसे द्यायचे आणि मग जून ते ऑक्टोबर-नोव्हेंबर दर आठवड्याला शेतात जे काही निघेल त्यातला आपला वाटा आणायचा. आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला राहतो, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात. बॉस्टनचं नाव सगळ्यांना माहीत असतं पण हा भाग अगदी वेगळा आहे, गाळाची काळसर सपाट जमीन, मधेमधे तंबाखू वाळवायची जुनी लांबलचक लाकडी कोठारं, आणि हॅडली नावाचं गाव तर एकेकाळी ॲस्परॅगससाठी गाजलेलं. त्यामुळे आमच्या आजूबाजूला सीएसएवाली शेतं भरपूर आहेत, निवड करायला वाव आहे.

ही पद्धत अमेरिकेत या नावाने सुरू झाली १९८६ मध्ये, साधारण एकाच वेळी दोन ठिकाणी. एक न्यू हॅम्पशायरमधलं टेंपल-विल्टन आणि दुसरं आमच्याच राज्यातल्या साउथ एग्रेमाँटचं इंडियन लाइन फार्म. त्यामागे स्वित्झर्लंड आणि जर्मनीकडून आलेल्या कल्पना होत्या. जपानमध्ये तर ग्राहकांनी थेट शेतकऱ्याशी करार करायची तेइकेई नावाची चळवळ १९७० च्या दशकातच उभी राहिली होती. आणि हे फार कमी लोक सांगतात, पण अलाबामाच्या टस्कीगीतले कृषी प्राध्यापक बुकर टी. व्हॉटली हे अमेरिकेत सीएसए हे नाव येण्याच्याही आधीपासून छोट्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना सांगत होते की बाबांनो, गिऱ्हाइकांचा क्लब करा, त्यांच्याकडून आधी फी घ्या आणि मग त्यांना शेतात येऊन तोडू द्या.

आता आधी पैसे का, तर बियाणं, ग्रीनहाउसचं हीटिंग, ट्रॅक्टरची दुरुस्ती, मजुरी, हे सगळे खर्च मार्च-एप्रिलमध्येच उभे राहतात आणि विकायला हातात तेव्हा काहीच नसतं. पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याचा खिसा रिकामा असतो हे आपल्याकडच्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. इथे तो बँकेकडून कर्ज काढू शकतो, पण व्याज आलं. सभासदांनी आधी पैसे दिले की तेवढं कर्ज कमी काढावं लागतं, साधा हिशोब आहे.

बरेच जण याला भाजीचा रतीब समजतात आणि मग वैतागतात. रतीबवाल्याने दूध नाही घातलं तर आपण त्या दिवसाचे पैसे कापतो ना, इथे तसं नाही, पीक गेलं तर तुमचंही गेलं. २०२३ च्या जुलैमध्ये इथे जोरदार पाऊस झाला आणि नद्यांना पूर आला, खोऱ्यातल्या कितीतरी शेतांत पाणी घुसलं. आमच्या शेताचा नदीकडचा सखल तुकडा पूर्ण पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर लांबून सगळं हिरवंगार दिसत होतं पण विकता यायचं नाही, कारण पुराच्या पाण्यात मैला, डिझेल काहीही असू शकतं आणि असं पाणी भाजीच्या खाण्याच्या भागाला लागलं की कितीही धुतली तरी ती विकायला बंदी, नियमच आहे तसा. उभं पीक ट्रॅक्टरने मातीत घातलं. पुढचे कितीतरी आठवडे आमची पिशवी अर्धीच भरायची, पैसे परत मिळाले नाहीत, आणि कुरकूर करणारेही होते बरं का, सगळेच काही संत नसतात. पण बहुतेक लोकांनी पुढच्या वर्षी पुन्हा पैसे भरले. आम्हीही भरले. मला वाटतं तेव्हाच पहिल्यांदा हे नक्की कशात पडलोय ते नीट कळलं.

तर पिकअपचा दिवस. शेतावर एक मोठी लाकडी शेड आहे, आत क्रेट मांडलेले, आणि फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं, लेट्यूस दोन गड्डे, बीट एक जुडी, आणि या सहा भाज्यांतून कुठल्याही तीन घ्या वगैरे. काट्यावर स्वतः वजन करायचं, कोणी बघत नसतं. गाजरं पाल्यासकट, माती लागलेली. कोपऱ्यात एक मोठा डबा असतो त्यात लोक गाजराचा, बीटाचा, मुळ्याचा पाला मोडून टाकून जातात आणि तो कंपोस्टला जातो. मुळ्याचा पाला! मी विचारून तो उचलायला लागले, आता ओळखीचे लोक डब्यात न टाकता सरळ माझ्या हातात देतात.

शेडच्या मागे काही ओळी आपण स्वतः तोडायच्या असतात, घेवड्याच्या शेंगा, चेरी टोमॅटो, फुलं, आणि हर्ब्ज. हर्ब्जमध्ये डिल असतं, म्हणजे आपला शेपू. फळ्यावर लिहिलेलं असतं चार-पाच काड्या घ्या, कारण इथले लोक तो काकडीच्या लोणच्यात नाहीतर माशावर भुरभुरवतात. मी शेतकरीणबाईंना विचारलं की जास्त घेऊ का, तर म्हणाल्या किती, मी हाताने दाखवलं तेवढी जुडी, त्या बघतच राहिल्या. मग मुगाची डाळ, लसूण, भाकरी असं सगळं रामायण सांगितलं. तेव्हापासून शेपूला तुरे यायला लागले की मला त्यांचा मेसेज येतो, ये आणि काप हवा तेवढा. ओळीवर पडून होता त्याला कोणीतरी वाली मिळाला असं त्यांना वाटत असणार.

खाण्याच्या बाबतीत मात्र आपली सवय उलटी फिरवावी लागते. आधी भाजी ठरवून बाजारात जायचं ही पद्धत इथे चालत नाही, पिशवीत काय आलंय ते बघून आठवडा ठरतो. जूनमध्ये नुसता पाला, लेट्यूस, केल, चार्ड, शिवाय नवलकोल आणि लसणाला येणारे हिरवे वळणदार दांडे. चार्डची ताकातली पातळ भाजी चाकवतासारखीच लागते, दाणे घालायचे भरपूर. दांड्यांची चटणी तर मी वर्षभराची फ्रीझ करते. जुलै-ऑगस्टमध्ये झुकिनीचा पूर येतो, तिचं थालीपीठ करा, कोशिंबीर करा, भजी करा, तरी फ्रिजमध्ये दोन उरतातच. ऑगस्टचे टोमॅटो खाल्ल्यावर जानेवारीत सुपरमार्केटचे घ्यायला हात धजत नाही. आणि शरद ऋतूत बटरनट, ज्याचे घारगे लाल भोपळ्याइतकेच छान होतात, आणि रुटाबागा नावाचा सलगमसारखा कंद, ज्याचं अजून तरी मला काही जमलेलं नाही आणि जमवायची फारशी इच्छाही नाही.

स्वस्त पडतं का हे सगळे विचारतात. आमच्या भागात पूर्ण शेअर साधारण सहाशे ते आठशे डॉलरच्या आसपास जातो, वीस-बावीस आठवड्यांना भागलं तर आठवड्याला तीस-पस्तीस. ऑरगॅनिक भाजीशी तुलना केली तर परवडतं, पण सुपरमार्केटच्या सगळ्यात स्वस्त भाजीशी केली तर नाही. शिवाय भेंडी, कारली, तोंडली यांसाठी इंडियन स्टोअरची फेरी काही चुकत नाही. ज्यांना एकदम पैसे भरणं जमत नाही त्यांच्याकडून काही शेतं हप्त्यांनी पैसे घेतात, काही ठिकाणी आठवड्याला काही तास शेतात काम करून शेअर मिळतो. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये २०१७ पासून एक सरकारी योजना आहे, स्नॅप म्हणजे इथली सरकारी अन्न मदत घेणाऱ्या कुटुंबाने अशा शेताकडून भाजी घेतली की महिन्याच्या ठराविक मर्यादेपर्यंत तेवढे पैसे त्यांच्या कार्डावर परत जमा होतात. मला ही योजना फार आवडते, नाहीतर ताजी भाजी ही फक्त आमच्यासारख्या पगारदार लोकांची हौस होऊन बसते.

इकडे राहणारे कोणी वाचत असाल आणि घ्यायचं मनात असेल तर एक बघा, हल्ली कुठल्याही भाजीच्या खोक्याला सीएसए म्हणतात. दहा ठिकाणचा माल गोळा करून घरपोच देणाऱ्या कंपन्या आहेत, पाहिजे तेव्हा बंद करा, पाहिजे ते बदलून घ्या, सोयीचं आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्यात शेतकऱ्याला फेब्रुवारीत पैसे मिळत नाहीत आणि पुराचा तोटाही कोणी वाटून घेत नाही. म्हणून सरळ विचारायचं, सगळं तुमच्याच शेतातलं का, पीक बुडालं तर काय, आणि आम्ही गावाला गेलो तर त्या आठवड्याच्या वाट्याचं काय. ऑरगॅनिक सर्टिफिकेट नसेल तर लगेच नाक मुरडू नका, छोट्या शेतांना तो खर्च आणि कागदपत्रं नकोशी वाटतात, फवारणी काय करता ते तोंडावर विचारा, चांगला शेतकरी शेतात नेऊन दाखवतो.

आणि घरात दोघंच असाल तर पूर्ण शेअर घेऊ नका, भाजी सडते आणि जीव जळतो. आम्ही शेजाऱ्यांबरोबर अर्धा-अर्धा करतो, एका आठवड्याला ते आणायला जातात, एका आठवड्याला आम्ही. वाटणी आता ठरूनच गेलीये, वांगी आणि सगळा पाला आमचा, फेनेल आणि रुटाबागा त्यांचा, आणि झुकिनीवरून दर ऑगस्टमध्ये "तुम्हीच घ्या हो, तुम्ही घ्या" असा आग्रह दोन्ही बाजूंनी चालू असतो.