एमसीबी पुन्हा पुन्हा पडते आहे? आधी पिना काढा

घरातले दिवे एकदम गेले, शेजारी मात्र उजेड आहे, आणि पेटी उघडली तर एक खटका खाली पडलेला. छातीत धस्स होतंच. पण पडलेला खटका म्हणजे काहीतरी गडबड झाली, ते वेळीच पकडलं गेलं आणि वीज तोडली गेली. आता घाई कसलीच नाही. फ्रिजची चिंता असेल तर त्याचं दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण 4 तास गारवा धरून ठेवतो.

पेटीला हात लावण्याआधी जळका वास येतोय का, चरचर ऐकू येते का, झाकण तापलंय का, आत पाणी शिरलंय का, एवढं पाहा. यातलं काहीही असेल तर तिथेच थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. नसेल तर हात कोरडे करा, पायात कोरडी चप्पल घाला आणि टॉर्च घेऊन कोणता खटका पडलाय ते बघा.

अरुंद खटका पडला असेल तर ती घराच्या एका भागाची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा खटका. ‘टी’ (T) लिहिलेलं छोटं बटण असलेला रुंद खटका पडला असेल तर ती आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला तर वीज तोडणारा खटका. दोघींच्या पडण्याची कारणं वेगळी असतात.

खटका वर जातच नाही, बिघडला वाटतं, असं अनेकांना वाटतं. बऱ्याचदा तो फक्त मधेच अडकलेला असतो. आधी ‘टक्’ आवाज येईपर्यंत पूर्ण खाली दाबा, मग वर करा. एमसीबी लोड जास्त झाल्यामुळे पडली असेल तर आतली धातूची पट्टी तापून वाकलेली असते. ती निवायला दोन-तीन मिनिटं द्या.

एमसीबी वर करताक्षणी पडली तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. काही मिनिटांनी पडली तर बहुधा लोड जास्त आहे. लोड घरीच मोजता येतो: उपकरणांवर लिहिलेल्या वॉटची बेरीज करा आणि व्होल्टने भागा. 2000 वॉटचा गीझर, 2000 वॉटचा हीटर आणि 1500 वॉटची किटली मिळून 5500 वॉट होतात. 230 व्होल्टवर हे जवळपास 24 अँपिअर झाले. 16 अँपिअरची एमसीबी एवढा भार काही काळ सोसते आणि मग पडते. म्हणूनच ‘मघाशी तर चालू होतं’ असं वाटतं. इथे काहीच बिघडलेलं नाही. यातलं एक उपकरण बंद ठेवा, किंवा वेगळ्या एमसीबीवरच्या सॉकेटला लावा.

आरसीसीबी पडली तर शोध थोडा चिकाटीचा असतो. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट तेवढाच न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) परत येतो का, यावर ती लक्ष ठेवते. कमी आला, तर तेवढी गळती. घरात बहुधा 30 मिलिअँपिअरची असते आणि 15 ते 30 मिलिअँपिअरच्या दरम्यान कुठेतरी ती वीज तोडते. म्हणजे एखादं उपकरण खराब नसतानाही चार-पाच उपकरणांची थोडी थोडी गळती एकत्र होऊन ती पडू शकते. पावसाळ्यात बाहेरच्या दिव्यात ओल गेली तरी पुरते.

कारण शोधायचं ते असं. सगळ्या एमसीबी खाली करा आणि फक्त आरसीसीबी वर करा. टिकली, तर एमसीबी एकेक करून वर करत जा, प्रत्येकीनंतर अर्धा मिनिट थांबा. जिच्यापाशी पुन्हा वीज जाईल, त्या भागातल्या सगळ्या उपकरणांच्या पिना सॉकेटमधून काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही, आणि नेमकं इथेच बहुतेकांचा शोध फसतो. भिंतीवरचं बटण सहसा फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. उपकरणात न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकले असतील तर बटण बंद असूनही आरसीसीबी पडते. सगळ्या एमसीबी खाली असताना ती पडत असेल तर हेच कारण असू शकतं. मग घरातल्या सगळ्याच पिना काढून पाहा.

पिना काढल्यावर वीज टिकली तर दोष उपकरणात आहे. एकेक लावत जा. पहिला संशय पाण्याच्या उपकरणांवर घ्या. गीझरच्या कॉइलला बारीक चीर गेली की पाणी आत झिरपतं. कधी लगेच, कधी कॉइल तापल्यावर आरसीसीबी पडते. मग वॉशिंग मशिन, फ्रिज, आणि इस्त्रीची पिळलेली वायर. उपकरणाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते पुन्हा लावूच नका. सगळ्या पिना काढूनही वीज टिकत नसेल तर दोष बहुधा वायरिंगमध्ये आहे. तिथे तुमचं काम संपलं. ज्या एमसीबीपाशी वीज जाते ती खाली ठेवा. बाकी घर बहुधा चालू राहील.

कळकळीने सांगतो, दोन गोष्टी करू नका. खटका दोनदा वर करूनही टिकला नाही तर तिसऱ्यांदा जबरदस्ती नको. आणि ‘16 ची सारखी पडते, 32 ची टाका’ हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. एमसीबी भिंतीतल्या वायरला जपते. वायर तीच ठेवून मोठी एमसीबी बसवली तर खटका पडणार नाही, वायर तापेल. आग अशीच लागते.

इलेक्ट्रिशियनला फोन करताना कोणता खटका पडला, लगेच की उशिरा, आणि तेव्हा काय चालू होतं, एवढं सांगा. त्याचा निम्मा वेळ वाचतो.

सगळं सुरळीत झालं की, वीज चालू असतानाच ‘टी’चं बटण दाबा. खटका ताबडतोब पडायला हवा. दर महिन्याला एकदा हे करा. दाबूनही पडला नाही, तर ती आरसीसीबी त्याच आठवड्यात बदलून घ्या.