सेफमध्ये इरेजर कोडिंग: आधी सर्व्हर मोजा, मग जागा

सेफ ही अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडणारी साठवण प्रणाली, आणि पूल म्हणजे तिच्यात डेटा ठेवायचा एक विभाग. तीन प्रतींच्या पूलमध्ये १०० टीबी डेटाला ३०० टीबी डिस्क लागते. ४+२ च्या इरेजर कोडेड पूलमध्ये १५० टीबीत भागतं. हा हिशोब पाहून बरेच जण तिथेच प्रोफाइल (पूलची ही मांडणी) ठरवून मोकळे होतात. पण के (डेटाचे तुकडे, इथे ४) आणि एम (पॅरिटीचे जादा तुकडे, इथे २) हे आकडे पूल एकदा तयार झाला की बदलता येत नाहीत. चुकलं तर नवा पूल करून सगळा डेटा तिकडे हलवत बसायचं. म्हणून आधी सर्व्हर मोजायचे.

४+२ म्हणजे डेटाचे चार तुकडे आणि त्यांच्यावरून काढलेले पॅरिटीचे दोन. सहापैकी कुठलेही चार हाताशी असले की डेटा परत मिळतो. फेल्युअर डोमेन (एकदम बंद पडू शकणारा घटक) होस्ट, म्हणजे सर्व्हर, असेल तर सहा तुकड्यांना सहा वेगळे सर्व्हर हवेत. बरोबर सहाच असले तर पूल चालतो, पण एक सर्व्हर कायमचा गेला की त्याचे तुकडे नव्याने बांधायला जागाच उरत नाही आणि पीजी (प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे डेटाचे गट) डिग्रेडेड, म्हणजे अपुऱ्या तुकड्यांवर, राहतात. ४+२ ला किमान सात सर्व्हर धरा. पाचच असतील तर पीजीच्या ॲक्टिंग सेटमध्ये, म्हणजे त्याचे तुकडे कुठे आहेत त्या यादीत, एका जागी २१४७४८३६४७ असा आकडा दिसतो. तो ओएसडीचा (एकेक डिस्क सांभाळणाऱ्या सेफच्या प्रोसेसचा) क्रमांक नव्हे. क्रशला (तुकडे कुठे ठेवायचे ते ठरवणाऱ्या अल्गोरिदमला) त्या तुकड्यासाठी जागा सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता मिन-साइझ, म्हणजे वाचन-लेखन चालू राहायला हाताशी हवेत तेवढे किमान तुकडे. ४+२ ला ती आपोआप ५ होते. दोन सर्व्हर एकदम बंद पडले तर डेटा शाबूत असतो, पण त्या पीजींवरचं वाचन-लेखन थांबतं. अशा वेळी फोन वाजायला लागतात आणि कुणीतरी मिन-साइझ ४ करून टाकतो. ते करू नका. चारच तुकड्यांवर झालेल्या नव्या लेखनाला पॅरिटीचा काहीच आधार नसतो. आणखी एक डिस्क गेली की ते लेखन गेलं. सेफच्या ऑक्टोपस (२०२०) आवृत्तीपासून के इतके तुकडे शिल्लक असले तर मिन-साइझच्या खालीही रिकव्हरी चालते, त्यामुळे तेवढ्यासाठी ती उतरवायची गरजच नाही. एम=१ ठेवलं तर मिन-साइझ मुळातच के इतकी येते. म्हणजे हाच धोका रोजचा. एम=१ माझ्या मते फक्त चाचणीसाठी.

प्रोफाइल बनवताना ‘सेफ ओएसडी इरेजर-कोड-प्रोफाइल सेट’ या कमांडला के, एम, क्रश-फेल्युअर-डोमेन आणि क्रश-डिव्हाइस-क्लास असे चारही द्या. डिव्हाइस क्लास विसरलात तर एसएसडी आणि हार्ड डिस्क एकाच नियमात येतात, आणि लेखन सगळ्यात संथ डिस्कच्या गतीने चालतं. पीजी मोजताना प्रत्येक पीजी सहा ओएसडींवर बसतो हे धरा. सात सर्व्हर, प्रत्येकी १२ डिस्क, म्हणजे ८४ ओएसडी: १०२४ पीजी गुणिले ६ भागिले ८४, दर ओएसडीला साधारण ७३ पीजी. ठीक. २०४८ केले तर १४६ होतात, आणि बाकीच्या पूलांचे पीजी वेगळेच.

आरबीडी (सेफवरची आभासी डिस्क) किंवा सेफएफएससाठी (सेफची फाइल सिस्टिम) पूलवर ‘अलाउ-ईसी-ओव्हरराइट्स’ चालू करावं लागतं. त्याला ब्लूस्टोअर (ओएसडीची डिस्कवर डेटा ठेवायची पद्धत) हवं. शिवाय या पूलमध्ये ओमॅप (ऑब्जेक्टसोबतच्या की-व्हॅल्यू नोंदी) चालत नाही. म्हणून आरबीडी इमेज साध्या प्रतींच्या पूलमध्ये बनवायची आणि डेटा-पूल म्हणून इरेजर कोडेड पूल द्यायचा. सेफएफएसमध्ये मूळ डेटा पूल प्रतींचाच ठेवा, नवा पूल जोडा आणि डिरेक्टरीच्या लेआउटमध्ये त्याचं नाव लिहा. इथे हमखास फसायला होतं: लेआउट फक्त नव्याने तयार होणाऱ्या फाइलींना लागू होतो. जुनी फाइल ‘एमव्ही’ने त्या डिरेक्टरीत नेली तर फक्त नाव हलतं, डेटा जुन्याच पूलमध्ये पडून राहतो. कॉपी करून मूळ फाइल पुसायला हवी.

राहिला लहान फाइलींचा प्रश्न, आणि जागेचं गणित उलटं फिरतं ते इथेच. पॅसिफिक आवृत्तीच्या (२०२१) आधी हार्ड डिस्कवर ब्लूस्टोअरचं किमान वाटप ६४ केबी होतं. १६ केबीची फाइल ४+२ मध्ये ४ केबीच्या सहा तुकड्यांत जाते, पण प्रत्येक तुकडा डिस्कवर ६४ केबी अडवतो. एकूण ३८४ केबी! तीन प्रतींमध्ये तीच फाइल १९२ केबीत मावली असती. पॅसिफिकपासून किमान वाटप ४ केबी झालं. आता तीच फाइल २४ केबी घेते आणि तीन प्रतींत ४८. मात्र हा आकडा ओएसडी तयार होताना कोरला जातो, सॉफ्टवेअर अपग्रेड केल्याने बदलत नाही. त्यामुळे जुन्या क्लस्टरवर पूल बनवण्याआधी ‘सेफ ओएसडी मेटाडेटा’ चालवून प्रत्येक ओएसडीचं प्रत्यक्ष किमान वाटप तपासा. सध्याची कॉन्फिग ४०९६ दाखवेल, पण तिच्यावर जाऊ नका. ती पुढे तयार होणाऱ्या ओएसडींसाठी असते. नव्या आवृत्त्यांच्या मेटाडेटात हा आकडा दिसतो. तिथे ६५५३६ निघाले तर तो ओएसडी आउट करायचा, रिकामा होऊ द्यायचा, पुसायचा आणि नव्याने तयार करायचा. एका वेळी एकाच सर्व्हरचे घ्या, आणि सगळे पीजी ‘ॲक्टिव्ह+क्लीन’ झाल्याशिवाय पुढच्या सर्व्हरला हात लावू नका.