फवारणीचा मेसेज हरवू नये म्हणून डिस्कॉर्डवर गेलो, माझा अनुभव

आमची घाटंजी तालुक्यातली शेतकरी कंपनी, ऑफिसचं काम मी पाहतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर औषधाचं प्रमाण टाकलं की तासाभरात शुभ सकाळ अन् वाढदिवसाच्या केकखाली गडप. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले, तेव्हापासून असा मेसेज कोणाले सापडला नाही की माझ्या पोटात गोळा येते.

भाच्यानं डिस्कॉर्ड दाखवलं. 2015 मध्ये गेम खेळणाऱ्यांसाठी आलेलं अ‍ॅप, पण विषयवार वेगळे चॅनल करता येतात. कापूस-भाव, फवारणी, बियाणं, गप्पा, अर्ध्या तासात सगळं तयार. माणसं आत आणायला मात्र तीन आठवडे लागले!

नंबर टाकला की ओटीपी, अन् गावात ओटीपीचा मेसेज येते फक्त पाण्याच्या टाकीपाशी. तिथं रोज संध्याकाळी पाच-सहा जण घेऊन उभा राहायचो. सगळ्यात जास्त अडलं ते एका काकाजींचं. मोबाईलच्या कव्हरात पासवर्डची चिठ्ठी घडी घालून ठेवलेली, चष्मा लावून आकडा आकडा वाचत टाकायचे, तरी नंबर घेईचना. आधीच वापरात आहे म्हणे. सिम कंपनीले फोन लावला तर एक दाबा, दोन दाबा करत पाऊण तास गेला अन् फोन कटला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, डोकं असं तापलं! काकाजी म्हणे, "माह्या नंबर कोनं चोरला का रे बापा?" चौथ्या दिवशी त्यांचं अकरावीतलं पोट्टं हळूच बाजूले घेऊन बोललं, दादा, माझ्या गेमच्या खात्याले बाबांचा नंबर आहे, सांगू नका. एक नंबर एका वेळी एकाच खात्याले चालते, हे मला तेव्हा कळलं. पोरानं सेटिंगमधून नंबर काढला अन् काकाजी आत आले. असे आणखी सात जण निघाले! म्हणून आधी घरातल्या पोरांना विचारा, अन् न रागावता विचारा. ईमेलनंही खातं उघडते, ज्यांचा ईमेल आहे त्यांचं तसंच करा, टाकीपाशी जायचं काम नाही.

हो, लिंकचं राहिलंच. ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेली, आमच्या डिस्कॉर्डवर आत यायची लिंक सात दिवसांनी बंद पडली, बनवतानाच मुदत 'कधीच नाही' अशी करायची. अन् भावाच्या चॅनलमध्ये लिहायची परवानगी दोघांनाच द्या, नाहीतर तिथंही केक येते.

रात्री नऊले 'पार' नावाच्या व्हॉइस चॅनलमध्ये लोक येऊन बसतात, कोणाले फोन लावावा लागत नाही. परवा तिथं कोणीतरी विचारलं, 15 लिटरच्या पंपाले किती मिली टाकायचं. मी बोलायच्या आत काकाजींनी फवारणी चॅनल उघडून बारा दिवसांआधीचा मेसेज वाचून दाखवला, शेवटी हातमोजे अन् मास्कची ओळ दोनदा वाचली.