आमची वाटचाल: आधी तपासणी, मग अलाइनमेंट

पुण्यात सिंहगड रस्त्यावर, धायरीच्या अलीकडे आमचं दुकान सुरू झालं ते पंक्चर आणि टायरचं. अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवायचं मशीन बऱ्याच नंतर आलं. त्याआधी थोरला भाऊ नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात होता आणि मी सातारा रस्त्यावरच्या एका गॅरेजात. चाक हलवून टाय रॉड एंडमधला (स्टिअरिंगचा दांडा चाकाशी जोडणाऱ्या सांध्यातला) प्ले, म्हणजे ढिलेपणा, कसा ओळखायचा, हे मला तिथल्या वस्तादांनी शिकवलं. आज आमच्याकडे कॅमेऱ्याचं थ्रीडी मशीन आहे, तरी प्रत्येक गाडीची सुरुवात त्या हाताच्या तपासणीनेच होते.

कारण मशीन फक्त कोन मोजतं. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश फाटला असेल किंवा बॉल जॉइंट ढिला असेल, तर रॅम्पवर सगळे आकडे हिरवे दिसतात आणि नवले पुलापर्यंत जाईस्तोवर गाडी पुन्हा आपल्या वळणावर जाते. म्हणून आम्ही आधी हवा बघतो, चाकं उचलून प्ले बघतो, टायरवर हात फिरवतो. टायर बरंच सांगतो. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. हात एका दिशेने गुळगुळीत सरकला आणि उलट फिरवताना खरखर लागली, तर बहुतेक वेळा टो, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला असतो. पार्ट खराब निघाला तर गिऱ्हाइकाला खाली वाकून तो दाखवतो, आणि पार्ट बदलेपर्यंत अलाइनमेंटचे पैसे घेत नाही. सुरुवातीला या नियमापायी कितीतरी गाड्या परत गेल्या. भावाने आणि मी तो तरीही सोडला नाही.

कॅम्बरबद्दल, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर किती कललंय त्याबद्दल, मला जरा जास्त सांगायचंय. ‘कॅम्बर आउट आहे, करेक्शन करावं लागेल’ हे वाक्य ऐकून आमच्याकडे पुष्कळ लोक येतात. आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत कंपनीने फक्त पुढच्या चाकांचा टो ॲडजस्ट करायची सोय दिलेली असते. मागे सरळ टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, तिथे फिरवण्यासारखं काहीच नसतं. काही गाड्यांत स्ट्रटच्या (पुढच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या) बोल्टपाशी थोडी जागा मिळते, तेवढीच आम्ही वापरतो. कॅम्बर त्याहून जास्त बिघडला असेल तर बहुधा खड्ड्यात आपटून काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. ते शोधून बदलायला हवं. हायड्रॉलिक जॅक लावून लोखंड वाकवायचं आणि आकडा जुळवायचा, हे काम आमच्या दुकानात होत नाही. त्याच भागावर घरच्या माणसांचा जीव असतो.

वडगावचे एक काका गाडी डावीकडे ओढते म्हणून आले होते. दुसरीकडे अलाइनमेंट करून झालं होतं, तरी फरक नव्हता. रीडिंग बरोबर, प्ले नाही. रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे जातेच. ही मात्र त्याहून जास्त जात होती. ब्रेक कुठे चिकटत नव्हता. आम्ही पुढचे दोन टायर आपसांत बदलले आणि काकांना शेजारी बसवून बायपासच्या सर्व्हिस रोडला चक्कर मारली. गाडी उजवीकडे ओढायला लागली. दोष टायरमध्येच होता. “म्हणजे अलाइनमेंट करायचंच नाही?” काकांनी विचारलं. “नाही काका, ते ठीक आहे,” भाऊ म्हणाला. आता त्यांच्या मुलीची आणि व्याह्यांची गाडीही आमच्याकडेच येते.

स्टिअरिंग ८०च्या पुढे थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं आहे का, ते बघावं लागतं, हे आम्ही फोनवरच सांगतो, म्हणजे नको ते काम करून घेतलं जात नाही.

पावसाळा संपला की दुकानासमोर रांग लागते. तेव्हाही गिऱ्हाइकाला स्क्रीनजवळ उभं राहू देतो आणि आधीचं-नंतरचं रीडिंग छापून हातात देतो. आमच्याकडे पहिल्यांदाच येत असाल आणि आधीच्या दुकानाचा प्रिंट जपून ठेवला असेल, तर तो बरोबर आणा. कुठला कोन केव्हापासून सरकतोय, ते त्यावरून लवकर कळतं.