पार्किंगचं सीलिंग वजनाने पडलं नव्हतं

जुळे सोलापुरातली चार मजली इमारत, खाली सगळं स्टिल्ट पार्किंग (नुसते खांब, भिंती नाहीत), पश्चिमेला मोकळं रान. मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात पार्किंगचं पीव्हीसी सीलिंग पश्चिमेच्या दोन गाळ्यांत गाड्यांवर आलं. सोसायटी म्हणे काम कच्चं. मिस्त्री म्हणे, "साहेब, त्याला वजनच नाही, पडेल कशाला?"

दोघंही वजनच धरून बसलेले. पडलेली पॅनेलं बघितली तर स्क्रू वर चॅनेलमध्येच (पॅनेलं धरणाऱ्या पत्र्याच्या पट्टीत) शाबूत, डोक्याखाली पीव्हीसीची फाटकी चकती अडकलेली. आतल्या रांगेत हँगर, म्हणजे चॅनेल स्लॅबला टांगणाऱ्या पट्ट्या, प्लगसकट निघाले होते, भोकात नुसती पूड.

स्टिल्ट म्हटलं की किल्लारीपासून सगळे भूकंपाचं विचारतात, वाऱ्याचं कुणी नाही. भिंतीवर अडलेला वारा खालच्या उघड्या जागेतून मागच्या कमी दाबाकडे पळतो. तिथे वेग वाढतो, दाब उतरतो. ऑस्ट्रेलियाचा कोड अशा उचललेल्या इमारतीच्या तळाला +0.8 आणि −0.6 असे दोन्ही गुणांक धरायला लावतो, म्हणजे वाऱ्याच्या दाबाच्या 0.8 पट ढकल किंवा 0.6 पट ओढ. पाच इंची स्लॅबला त्याचं काही नाही, तिचंच वजन चौरस मीटरला तीनशे किलो. पण इथे बाहेरच्या बीमखाली ड्रेनेज पाइपांसाठी आठ इंचांची फट ठेवलेली, तीही वाऱ्याच्या तोंडावर. सीलिंगच्या वरची पोकळी पिशवीसारखी फुगली आणि खालून ओढ.

आपल्या वाऱ्याच्या भाराच्या कोडप्रमाणे, आयएस 875 भाग 3, दाब = 0.6 × वेगाचा वर्ग. झोत 25 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी 90 किलोमीटर धरला तर चौरस मीटरला 375 न्यूटन, म्हणजे साधारण 38 किलो. वरून 0.8, खालून 0.6, मिळून 1.4 पट: चौरस मीटरला सुमारे 53 किलो. पॅनेलचं वजन चौरस मीटरला तीनेक किलो! हँगर चार-चार फुटांवर, म्हणजे एकेकावर 75 किलोच्या वर. चॅनेलही चार फुटांवर, त्यामुळे 10 इंची पॅनेलच्या एका स्क्रूवर 16 किलो, तेही पॅनेलच्या कडेच्या पातळ ओठाला आणि हिसक्या-हिसक्याने.

फट पत्र्याने बंद केली. आतल्या बाजूला जाळीची भोकं ठेवली, म्हणजे पोकळीतला दाब खालच्याशी जुळतो. हे नसेल तर नुसते जास्त स्क्रू मारून भागत नाही. बाकीच्या गाळ्यांत चॅनेल दोन फुटांवर, स्क्रूखाली वॉशर, प्लगऐवजी स्लॅबमध्ये 8 मिलिमीटरचे अँकर फास्टनर. पश्चिमेच्या दोन गाळ्यांत सीलिंग परत लावलंच नाही. पाइप दिसतात म्हणून सेक्रेटरी अजून कुरकुरतात.