परक्या मांडवातले पाहुणे

सिनेमाला गेलं की पडद्याकडे बघावं, हे मलाही कळतं. पण पडद्यावर परदेशी माणसं जुन्या काळचे झगे घालून तलवारी परजायला लागली, की माझा एक कान मागच्या रांगेकडे वळतोच. एरवी गप्प बसणारी माणसं अशा वेळी बोलतात. भाषा कळत नाही, देश आपला नाही, काळ तीनशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा बोललेलं कुणाच्या वर्मी लागण्याची भीतीच नाही.

अँग ली यांचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ मी एका फिल्म क्लबच्या खेळाला पाहिला. चित्रपट २००० सालचा, गोष्ट चीनमधल्या छिंग राजवटीतली. सुरुवातीची पंधराएक मिनिटं कुणी कुणाला बोटही लावत नाही. लोक येतात, बसतात, जुन्या गोष्टी काढतात. पोस्टरवरच्या तलवारी बघून आलेल्या मंडळींची चुळबुळ सुरू झाली होती. नायकाचं नाव ली मू बाई. हे नाव सबटायटलमध्ये उमटलं तेव्हा माझ्या डावीकडून ‘हा बाई कसा?’ असा प्रश्न आला आणि चार खुर्च्या हलल्या.

मागे एक सून होती आणि तिच्या शेजारी तिच्या सासूबाई. सासूबाईंना इंग्रजी अक्षरं इतक्या भराभर वाचता येत नव्हती, म्हणून सून हलक्या आवाजात सांगत होती. ली मू बाई आपल्या जुन्या मैत्रिणीला सांगतो, की वूदांग पर्वतावर ध्यानाला बसलो, खोल गेलो, सगळीकडे प्रकाश होता, काळाचं भान राहिलं नाही, पण आनंद झाला नाही, उलट अथांग दुःख दाटून आलं. हे सगळं तो अगदी सावकाश बोलतो. सुनेने सांगितलं, ‘काही नाही, ध्यानात मन लागलं नाही म्हणतो.’ सासूबाई म्हणाल्या, ‘नाहीच लागत.’ पटकथालेखकांनी या संवादावर किती रात्री घालवल्या असतील कोण जाणे. इथे दोन शब्दांत निकाल लागला, आणि तोही बरोबर.

मग रात्र होते, ती प्रसिद्ध तलवार चोरीला जाते, आणि काळ्या कपड्यातला चोर भिंतीवरून चालत कौलांवर चढतो. त्या जुन्या मैत्रिणीचं काम करणारी मिशेल यो त्याच्या मागे. कौलांवरून कौलांवर, मध्येच पायाचा नुसता अंगठा टेकवून दोघं पुढे जातात. आमच्या हॉलमध्ये पहिल्या उडीला मोठा हशा पिकला. दुसऱ्या उडीला थोडा. नंतर हळूहळू शांतता पसरली, आणि पाठलाग संपला तेव्हा कुणीतरी मोठ्याने ‘वा!’ म्हणालं. हाच पाठलाग २००० च्या मे महिन्यात कान महोत्सवात समीक्षकांसमोर उलगडला तेव्हा त्यांनी चालू चित्रपटात टाळ्या वाजवल्या, असं अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी नोंदवून ठेवलं आहे. समीक्षक मंडळी मध्येच टाळ्या वाजवत नाहीत, हेही त्यांनी आवर्जून लिहिलं.

आमच्या हशाचं मला वाईट वाटलं नाही. उडणाऱ्या माणसाला हसायचं की हात जोडायचे, हे तो माणूस कुठला यावर ठरतं. १९१७ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये मारुतिराय उडाले तेव्हा कुणी तारा शोधल्या नाहीत. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, असं सांगतात. आणि तो राम व त्याची सीता ही दोन्ही कामं अण्णा साळुंके या एकाच गृहस्थांनी केली होती. चिनी प्रेक्षकालाही तलवारबाजांच्या कादंबऱ्यांमुळे, ऑपेरांमुळे आणि जुन्या चित्रपटांमुळे हे हलकं होऊन उडणं ठाऊकच असतं. श्वासावर ताबा आला की शरीराचं वजन जातं, यात त्याला शंका घेण्यासारखं काही दिसत नाही. त्याची कुरकुर वेगळ्याच गोष्टीवर होती.

चीनमधल्या बऱ्याच प्रेक्षकांना हसू आलं ते उच्चारांचं. गोष्ट पेकिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, उच्चकुलीन लोकांची, म्हणजे भाषा खानदानी हवी. पण नायक झालेला चाउ युन-फॅट हाँगकाँगचा, कँटोनीज बोलणारा. मिशेल यो मलेशियाची. तिला चिनी लिपी वाचता येत नव्हती, म्हणून तिने सगळे संवाद उच्चारांवरून पाठ केले. वाळवंटातला दरोडेखोर झालेला चांग चेन तैवानचा. चौघांत खुद्द बीजिंगची म्हणता येईल अशी एकटी चांग झियी, ती तलवार चोरणारी मुलगी झालेली. आता कल्पना करा, शनिवारवाड्यात सदर भरली आहे, नाना फडणवीस मालवणी हेलात मसलत देताहेत, समोरचे सरदार झाडीबोलीत मान डोलावताहेत, आणि कुणी एक बाई हे सगळं देवनागरी न वाचता पाठ करून म्हणते आहे. पुण्यातलं एक तरी थिएटर शेवटापर्यंत गंभीर राहील का? चौथ्या मिनिटाला कुणीतरी उठून उच्चार दुरुस्त करील.

आम्हाला यातलं काहीच ऐकू आलं नाही. आमच्या कानाला ते सगळं सारखंच गोड. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनाही नाही. त्यांनी तर हा चित्रपट डोक्यावर घेतला. खाली ओळी वाचाव्या लागणारे चित्रपट तिकडे चालत नाहीत म्हणतात. याने तिथे सुमारे १२ कोटी ८० लाख डॉलरचा गल्ला जमवला आणि २००१ च्या समारंभात चार ऑस्कर नेली. चीनमध्ये प्रतिसाद बेताचा. तिथले लोक म्हणाले, यात नवीन काय? बांबूच्या बनातली झुंज तर किंग हू यांनी १९७१ च्या ‘अ टच ऑफ झेन’मध्येच दाखवली होती. तेही खरं. पण वाऱ्यावर झुलणाऱ्या त्या हिरव्या शेंड्यांवर दोन माणसं उभी राहून एकमेकांकडे बघतात, तेव्हा मला तरी ते आधी कुणी केलं होतं का याची चौकशी करावीशी वाटली नाही.

दुसऱ्याच्या लग्नाला गेलेल्या पाहुण्यासारखं हे आहे. मांडव सुरेख, जेवण उत्तम, नवरी देखणी. धाकटे काका मोठ्या काकांशी सहा वर्षं बोलत नाहीत, मामांना मान मिळाला नाही म्हणून ते मागच्या खोलीत बसून आहेत, हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून आपण मजेत जेवतो.

अर्थात माहीत नसण्याची किंमतही असते. या चित्रपटात जेड फॉक्स नावाची एक म्हातारी, विखारी खलनायिका आहे. तिच्यावर आमच्या हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. म्हातारी वाईट आहे, एवढं सगळ्यांना कळलं. ते काम चेंग पेइ-पेइ यांचं. याच बाई १९६६ मध्ये किंग हू यांच्या ‘कम ड्रिंक विथ मी’ या चित्रपटात तलवार घेऊन उभ्या राहिल्या होत्या, विशीच्या, आणि एका आख्ख्या पिढीने त्यांच्यामुळे तलवारवाली नायिका कशी असते ते पाहिलं. हाँगकाँगच्या एखाद्या साठीतल्या प्रेक्षकाला ती म्हातारी पडद्यावर आल्याबरोबर काय वाटलं असेल! आपण तिथे पॉपकॉर्न खात होतो.

शेवटी चांग झियी डोंगरकड्यावरून स्वतःला झोकून देते आणि ढगात तरंगत जाते. दिवे लागले. सासूबाईंनी विचारलं, ‘म्हणजे मेली का?’ सून म्हणाली, ‘नाही हो, तरंगली.’ या मुद्द्यावर त्या दोघी पार्किंगपर्यंत बोलत होत्या. मी मुद्दाम सावकाश चाललो.

दोन वर्षांनी, २००२ मध्ये, चांग यिमोऊ यांचा ‘हीरो’ आला आणि पाहुणेपणाची कमाल झाली. एकच गोष्ट वेगवेगळ्या रंगांत पुन्हा पुन्हा सांगितलेली: लाल, निळी, पांढरी, हिरवी. एमी वाडा या जपानी बाईंनी केलेले कपडे वाऱ्यावर असे उडतात की झुंज कपड्यांचीच चालली आहे असं वाटावं. पिवळ्या पानांच्या रानात दोन बायका लढतात आणि एक मरते तेव्हा रानभर सगळी पानं लाल होतात. माझ्याबरोबर हा चित्रपट माझ्या काकांनी पाहिला, घरी, टीव्हीवर.

या काकांबद्दल सांगायला हवं. मराठी ऐतिहासिक चित्रपट त्यांच्याबरोबर बघणं म्हणजे उलटतपासणीला बसणं. ‘ही पगडी अशी नसते.’ ‘निऱ्या बघ, निऱ्या! नऊवारी अशी नेसतात?’ ‘त्या सालात हा किल्ला आपल्याकडे नव्हताच.’ घोडा कुठल्या जातीचा आहे यावरही त्यांचं मत असतं. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात म्हणून जो गदारोळ झाला, पेशव्यांच्या वंशजांनीही आक्षेप घेतला, तेव्हा काका रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचत. आणि हेच काका ‘हीरो’ बघताना तासभर अवाक्षर बोलले नाहीत. जेट ली आणि डॉनी येन पावसात समोरासमोर उभे राहतात, आंधळा वादक तंतुवाद्य छेडतो आणि ती झुंज त्या दोघांच्या डोक्यातल्या डोक्यात चालते, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘पाऊस खरा आहे का रे?’

छिन राज्याच्या त्या राजाच्या मुकुटावरचे मणी इतिहासाला धरून आहेत की नाहीत, हे काकांनी विचारलं नाही. खरा वाद तर राजाचाच होता. मारेकरी राजाच्या दहा पावलांवर पोहोचतो आणि त्याला न मारता सोडतो. हा एकटाच सगळी राज्यं जिंकून युद्धं थांबवील, म्हणून. हा राजा म्हणजे पुढे इ. स. पू. २२१ मध्ये चीन एक करणारा पहिला सम्राट; पुस्तकं जाळणारा म्हणूनही तो इतिहासात कुप्रसिद्ध आहे. चित्रपटाचा पहिला मोठा खेळ बीजिंगच्या ग्रेट हॉल ऑफ द पीपलमध्ये, म्हणजे सत्तेच्या दिवाणखान्यातच झाला. हुकूमशहाला हार घातला, अशी टीका चीनमध्ये झाली आणि बाहेरही. म्हणजे मागच्या खोलीत मामा धुमसत होते. आम्ही काकांसाठी चहा टाकला आणि पानं लाल होतात तो भाग परत लावला.

आता मांडव आपला असला आणि पाहुणे परके असले तर? २०२२ मध्ये एस. एस. राजामौली यांचा ‘आरआरआर’ जगभर गेला आणि ही सोय झाली. तेलुगू चित्रपट, काळ १९२० चा, वाघ-लांडगे-हरणं गाडीतून सोडणारा नायक. अल्लुरी सीताराम राजू आणि कोमरम भीम हे खरे इतिहासपुरुष, पण ते एकमेकांना कधी भेटल्याचं इतिहासात कुठे नाही. आपल्याकडे यावर बोललं गेलं. टीझरमध्ये भीम मुसलमानी गोल टोपी घालून दिसला तेव्हाच कुरबुरी झाल्या होत्या. कोमरम भीमचा आसिफाबादचा मुलूख आपल्या चंद्रपूरला लागूनच. तिथल्या गोंड घरांत हे नाव आदराने घेतात, त्यामुळे टोपीचा प्रश्न साधा नव्हता.

लॉस एंजेलिसला यातलं काही पोहोचलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये खेळ लागला तेव्हा तिकिटं दोन मिनिटांच्या आत संपली, आणि ‘नाटू नाटू’ सुरू झाल्यावर प्रेक्षक पडद्यासमोर जाऊन नाचले. त्यातल्या कित्येकांना ते दोन नायक कुणीतरी रचलेले आहेत असंच वाटत होतं. मला हे व्हिडिओ बघताना थोडा हेवा वाटला. आपण इतकं मोकळं नाचू शकलो असतो का? आपल्याला लगेच प्रश्न पडतात: हे राजकारण कुठलं, हा झेंडा कुणाचा, गांधीजी कुठे आहेत? शेवटच्या गाण्यात मोठमोठ्या तसबिरी येतात: सुभाषबाबू, सरदार पटेल, भगतसिंग, कित्तूरची राणी चेन्नम्मा. गांधीजी नाहीत, नेहरू नाहीत. हे काही अमेरिकन समीक्षकांनीही टिपलं, पण नंतर, कुणीतरी समजावून दिल्यावर. त्याच गाण्यात शिवाजी महाराज येतात. आमच्या थिएटरात त्या क्षणी जी शिट्टी पडली ती मी अजून ऐकू शकतो. आणि शिट्टी मारणाऱ्याशेजारचा लगेच म्हणाला, ‘महाराज विसाव्या शतकात कसे?’ पाहा! आपलं असंच.

जपानमध्ये तर कहर. माझी भाची ओसाकाला नोकरी करते. तिथे एरवी श्रेयनामावली संपेपर्यंत लोक शांत बसून असतात. पण ‘आरआरआर’साठी खास आरडाओरड्याचे खेळ लावले: टाळ्या वाजवा, नावं पुकारा, कागदाचे कपटे उडवा. चित्रपट महिनोन्‌महिने चालला आणि २०२४ मध्ये ताकाराझुका या प्रसिद्ध मंडळीने त्याचं संगीत नाटक केलं. या मंडळीत सगळी कामं बायका करतात, नायकाचीसुद्धा. अण्णा साळुंक्यांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

भाचीच्या ऑफिसातल्या एका बाईंनी हा चित्रपट थिएटरात जाऊन परत परत पाहिला. त्यांनी भाचीला विचारलं, शेवटी तसबिरीत दिसतात ते दाढीवाले राजे कोण? भाची सुरू झाली. अफझलखानाच्या शामियान्यापर्यंत पोहोचेतो जेवणाची सुट्टी संपली. दुसऱ्या दिवशी त्या बाई वही घेऊन आल्या: यांच्यावर चित्रपट आहे का? भाचीने घरच्या ग्रुपवर विचारलं, त्यांना कुठला दाखवू?

तेव्हापासून तो ग्रुप शांत नाही. काकांचं म्हणणं, भालजी पेंढारकरांचा १९५२ चा ‘छत्रपती शिवाजी’, बाकीचे बघू नका. माझ्या भावाला ‘पावनखिंड’ हवा, कारण लढाया दणदणीत आहेत. त्यावर काकांनी त्यातल्या पगड्यांबद्दल तीन मोठे मेसेज लिहिले. आई म्हणते, त्या बाईंना पगडीतलं काय कळणार आहे, त्यांना चांगला दिसेल तो दाखवा. आणि खाली इंग्रजी ओळी कुठल्या प्रतीवर आहेत हे कुणीच अजून शोधलेलं नाही. काका म्हणाले, त्याची गरज नाही. चित्रपट लावा आणि मला फोन लावा, मी सांगत जाईन.